निर्लेखनाआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शाळांच्या संगणक खोल्यांतली जुनी यंत्रे या अटीत बसत नाहीत. मग डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या साहित्याची नोंदवही, उघडले जाते, यंत्रांपुढे 'निरुपयोगी' असा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून भंगारात देण्याचा, प्रस्ताव वर जातो. प्रस्ताव जाण्याआधी मुख्याध्यापकांनी, शाळा व्यवस्थापन समितीने आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा, यासाठी हे पत्र.

या यंत्रांपैकी बरीचशी धडधाकट असतात. त्यांवर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत प्रणाली घालून ती तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती द्यावीत. सुरुवातीला चित्रांचा डेस्कटॉप घालूच नये. काळा पडदा, पांढरी अक्षरे आणि लुकलुकणारी एक खूण, एवढ्यावरच पहिले वर्ष काढावे. हे मोठ्यांना अवघड वाटते. मुलांनाही ते सोपे नसते, पण ते त्यांच्या आवाक्यातले असते आणि शिकायचे ते नेमके त्या अवघडपणातच दडलेले असते. टॅबवर एखादे ॲप अडकले की मूल पडद्यावर बोट आपटत राहते, कारण काय बिघडले हे त्याला कळायला मार्गच नसतो. काळ्या पडद्यावर काय चुकले ते यंत्र एका ओळीत सांगते. ती ओळ वाचायची, आपण काय टाइप केले ते पाहायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा एंटर दाबायचे. आठ वर्षांच्या मुलाला संगणकाची याहून चांगली ओळख आम्हाला माहीत नाही.

सात वर्षांखालच्या मुलांना यात ओढू नये. त्यांनी मातीत खेळावे, पाटीवर लिहावे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलालाही तिसरीपर्यंत रोमन अक्षरे ओळखता येतात. या कामाला तेवढे इंग्रजी पुरते. पुढे दिलेल्या कमांड वृत्तपत्राच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

पहिला तास लॉगिनचा. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते हवे आणि खात्याचे नाव त्याचे स्वतःचे हवे. 'स्टुडंट-७' असले नाव नको. इथेच पहिली अडचण येते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मुलांना वाटते कीबोर्ड बंद पडला, म्हणून ती तीच कळ दहा वेळा दाबतात आणि 'लॉगिन इनकरेक्ट' येते. हे आधीच सांगून ठेवावे आणि पहिल्या महिन्यात पासवर्ड चार-पाच अक्षरांचाच ठेवावा. डेबियनची पासवर्ड बदलण्याची कमांड 'पासडब्ल्यूडी' इतका छोटा पासवर्ड मुलाला स्वतः ठेवू देत नाही, तो शिक्षकांनी ॲडमिन खात्यातून द्यावा. दुसरी नेहमीची चूक कॅप्स लॉकची. तिसरी अक्षरांच्या आकाराची: इंग्रजी लहान 'एल' आणि आकडा एक, मोठा 'ओ' आणि शून्य ही जोडी पडद्यावरच्या मूळ बारीक फाँटमध्ये सारखीच दिसते. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप' चालवून टर्मिनस हा फाँट १६ गुणिले ३२ आकारात निवडला की अक्षरे मागच्या बाकावरूनही दिसतात आणि ही गफलत बरीच कमी होते.

लगेच काही तरी घडले पाहिजे, म्हणून पहिल्या दिवशी 'सीएएल' ही दिनदर्शिकेची कमांड द्यावी. पुढे जन्मवर्ष टाइप केले की आपण कोणत्या वारी जन्मलो ते मूल स्वतः शोधते. मग 'सीएएल ९ १७५२' द्यायला सांगावे. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख येते. यंत्र बिघडलेले नसते. ब्रिटनने त्या वर्षी ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन घेतले, तेव्हा मधले अकरा दिवस गाळले गेले. पडद्यावर दिसणारी विचित्र गोष्ट चूकच असते असे नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळते. डेबियनच्या मूळ मांडणीत ही कमांड नसते, 'एनसीएएल' नावाचे पॅकेज वेगळे घालावे लागते. ते न घातल्यामुळे पहिला तास फसू शकतो.

यानंतर फोल्डर. इथे घाई करू नये, कारण पुढचे सगळे यावर उभे राहते. संगणकातला पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो, तर टपालाचा पत्ता घरापासून सुरू होऊन जिल्ह्यापर्यंत जातो. मुलांना टपालाचा पत्ता ठाऊक असतो. तो उलटा लिहायला लावावा: सातारा, वाई, बावधन. आता 'एमकेडीआयआर सातारा' देऊन जिल्हा तयार करायचा, 'सीडी सातारा' देऊन आत जायचे, तिथे वाई करायची, वाईत जाऊन बावधन करायचे. आपण कुठे उभे आहोत हे 'पीडब्ल्यूडी' सांगते, आजूबाजूला काय आहे हे 'एलएस' सांगते, आणि 'सीडी' नंतर एक जागा सोडून दोन टिंबे दिली की माणूस बावधनातून वाईला परत येतो. प्रत्येक मुलाने आपापल्या जिल्ह्याचे असे झाड करावे आणि शेवटी 'ट्री' ही कमांड द्यावी. सगळा जिल्हा फांद्यांसकट पडद्यावर उभा राहतो. त्यानंतर 'तू बावधनात आहेस, कराडला एका उडीत जा' असे सांगावे. जे मूल तिथून दोन पायऱ्या वर चढून पुन्हा खाली उतरणारा पत्ता एका ओळीत लिहिते, त्याला मोबाइलमध्ये 'डाउनलोड कुठे गेले' असे कोणाला विचारावे लागणार नाही.

चुकांचे म्हणाल तर मुलांना बहुतेक वेळा तीनच संदेश दिसतात. 'कमांड नॉट फाउंड' म्हणजे शब्द चुकला किंवा शब्दानंतरची जागा राहिली. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे पत्ता चुकला, किंवा 'वाई' लहान अक्षराने केली होती आणि आता मोठ्या अक्षराने मागितली. लिनक्समध्ये ती दोन वेगळी गावे आहेत. 'परमिशन डिनाइड' म्हणजे ती जागा तुझी नाही. हे तीन संदेश आणि त्यांचे मराठी अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. मुलाने हात वर केला की शिक्षकांनी कीबोर्डला हात न लावता 'वाचून दाखव' एवढेच म्हणावे. हा नियम पाळायला फार संयम लागतो, पण तो मोडला की सगळी पद्धतच वाया जाते. मोठी मुले काही दिवसांत स्वतःच टॅबची कळ शोधतात: तीन अक्षरे लिहून ती दाबली की उरलेले नाव यंत्र पूर्ण करते. वरच्या बाणाने मागची कमांड परत येते. या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात सांगू नयेत, मुलांनाच सापडू द्याव्यात.

मुलांच्या शाळेतल्या अभ्यासाशी सांधा जुळतो तो पाढ्यांत. 'एसईक्यू ७ ७ ७०' लिहिले की सातपासून सातच्या उड्या मारत सत्तरपर्यंत यंत्र सातचा पाढा म्हणते. मुलांना लगेच एकोणतीसचा पाढा करावासा वाटतो. तिथे शेवटचा आकडा किती द्यायचा, हे ठरवण्यासाठी एकोणतीस दाहे मनात काढावे लागते, ते काम यंत्र करत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असे. 'एसईक्यू १.२५ १.२५ १२.५' म्हणजे दहापर्यंतची सवायकी: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, आणि शेवटी साडेबारा. मुलाने ती यादी घरी नेऊन आजोबांकडून म्हणवून घ्यावी आणि जुळवून पाहावी. दशांश अपूर्णांक शिकवायला इतके हाताशी असलेले साधन क्वचितच मिळेल.

सहावी-सातवीच्या मुलांना यंत्राची मर्यादाही दाखवता येते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दरवेळी दुप्पट ही गोष्ट त्यांना माहीत असते. 'बीसी' या गणनयंत्रात दोनाचा चौसष्टावा घात मागितला की १८४४६७४४०७३७०९५५१६१६ हा आकडा येतो, त्यातून एक वजा केला की पटावरचे एकूण दाणे. पण तोच हिशेब शेलच्या, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्वतःच्या गणितात केला आणि त्रेसष्टावा घात मागितला, तर उत्तर उणे येते. शेल पूर्णांकासाठी चौसष्ट बिट वापरते. त्यातला एक बिट चिन्हाकडे जातो आणि आकडा तिथे उलटतो. संगणक सांगतो ते खरेच असते, हा समज मोडायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

तारांचेही दाखवावे. दोन यंत्रे एका नेटवर्क स्विचला जोडून 'पिंग', म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला हाक देण्याची कमांड, चालवायचे. एकेक ओळ येत राहते. एका मुलाने केबल उपसायची, ओळी थांबतात. पुन्हा लावली की सुरू होतात. कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचे. या सगळ्या वर्षभराच्या कामाला इंटरनेट लागत नाही, हेही इथेच नोंदवतो. खेड्यातल्या शाळेसाठी ही फार मोठी सोय आहे आणि पालकांची निम्मी काळजीही तिथेच मिटते.

आता मराठीचे. काळ्या पडद्यावर देवनागरी नीट दिसत नाही. लिनक्सच्या मूळ कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रे ठेवता येतात आणि वेलांटी आधी, जोडाक्षर नंतर अशी जुळणी त्याला करता येत नाही. त्यामुळे मराठी फाइल उघडली की ठोकळे दिसतात. हे आधी माहीत नसले तर शिक्षक 'मराठी चालत नाही' म्हणून सगळेच सोडून देतात. पाचवीच्या सुमारास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असा हलका डेस्कटॉप घालावा. त्याला एक-दोन जीबी रॅम पुरते. मराठी तिथून सुरू करावी, आणि ती इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीनेच. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणे मोठ्यांना सोयीचे वाटते, पण त्यात मूल 'शाळा' हा शब्द मनात इंग्रजी अक्षरांनी फोडायला शिकते.

इनस्क्रिप्टची मांडणी आपल्या वर्णमालेसारखी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली प, र, क, त, च, ट. क वर शिफ्ट दाबले की ख, त वर थ, प वर फ, च वर छ. ल वर शिफ्ट दाबले की आपला ळ. हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. 'पुस्तक' लिहायचे तर प, उकार, स, हलन्त, त, क अशा सहा कळा. स चा पाय मोडून त ला जोडायचा हे मूल पाटीवर जसे शिकले, तसेच इथे बोटांनी करते. रोज दहा मिनिटे धरली तर एका सत्रात बिनचूक टाइप करण्याइतका हात बसतो. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत केलेल्या प्रश्नपत्रिका मात्र लिनक्सवर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतील. ते काम कधी ना कधी करावेच लागणार आहे.

याच टप्प्यावर केटर्टल हा मुलांसाठीचा प्रोग्राम घ्यावा. 'इतके पुढे जा, इतके अंश वळ' अशा आज्ञांनी कासवाकडून चित्र काढून घ्यायचे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली, तिचाच हा वारस. काळ्या पडद्यावर वर्ष काढलेल्या मुलाला आज्ञा लिहिण्याची भीती उरलेली नसते, म्हणून इथे ते झपाट्याने पुढे जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक-पूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा उल्लेख आहे. त्यासाठी महागडे खासगी वर्ग लावण्याआधी हे करून पाहावे.

यंत्र तयार करण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. आधी कॅबिनेट उघडून धूळ काढावी. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसून पट्टी पुन्हा बसवली की 'पडदा येतच नाही' म्हणून बाजूला काढलेली कितीतरी यंत्रे सुरू होतात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल न विचारता बदलावा. तो संपला की घड्याळ दरवेळी कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करतो, पॅकेज घेताना 'फाइल अजून वैध नाही' असे येते, आणि माणूस उगाच इंटरनेटला दोष देत बसतो. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक फेरी करावी. हार्डडिस्क 'स्मार्टसीटीएल'ने तपासावी. बदललेले किंवा बदलाच्या रांगेतले सेक्टर शून्याहून जास्त दिसले तर ती डिस्क मुलांच्या कामासाठी ठेवू नये, छोटी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राला पैसे लावायचेच असतील तर इथे लावावेत, वेगातला फरक लगेच दिसतो.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डेबियनची फाइल उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा आकडा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवावी. अर्धवट उतरलेली फाइल अर्ध्या स्थापनेत दगा देते आणि कारण सापडत नाही. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी असेल ती कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. जुन्या कॅबिनेटची पुढची यूएसबी खोबण बऱ्याचदा ढिली असते, मागची वापरावी. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ घ्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यासाठी स्थापनेची सोय राहिलेली नाही. कोअर टू ड्युओ आणि त्यापुढची यंत्रे ६४ बिटची आहेत, त्यांना १३ चालते. डेस्कटॉपशिवाय ५१२ एमबी रॅम पुरेशी आहे.

स्थापनेत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतात तिथे रकाना रिकामा सोडावा. तो भरला तर पहिल्या वापरकर्त्याला 'सुडो'चा, म्हणजे ॲडमिनची कामे करण्याचा, अधिकार मिळत नाही आणि पुढे शिक्षकांची अडवणूक होते. दुसरे, '/होम' हा विभाग वेगळा करावा, म्हणजे प्रणाली पुन्हा घालावी लागली तरी मुलांचे काम शाबूत राहते. पॅकेजच्या यादीत डेस्कटॉपसमोरच्या खुणा काढून टाकायच्या. प्रत्येक मुलाच्या घराचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरचे, अधिकार '७००' ठेवायचे, जेणेकरून शेजाऱ्याच्या फाइली कोणी उघडणार नाही. पुसलेली फाइल परत मिळत नाही, इथे कचऱ्याची टोपली नाही. काही जण 'आरएम' कमांडला दरवेळी 'खरेच पुसू का' असे विचारायला लावतात. आमच्या मते ते करू नये. मुले न वाचता होकार देत सुटतात आणि तीच सवय पुढे कायम राहते. त्याऐवजी आधी 'सीपी'ने प्रत करण्याची शिस्त लावावी आणि शिक्षकांनी दर शनिवारी '/होम'ची 'टार' फाइल, म्हणजे सगळ्याचे एक गाठोडे, करून पेनड्राइव्हवर ठेवावी. सुडोचा अधिकार नसलेले मूल फार तर स्वतःचे घर रिकामे करील. यंत्राला त्याच्या कमांडने काही होत नाही.

वाय-फाय चालले नाही तर केबल लावावी, प्रश्न तिथेच संपतो. सुरू होताना पडदा काळाच राहिला आणि कर्सरही आला नाही, तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून पाहावा, हा दोष बहुधा ग्राफिक कार्डाचा असतो. काही जुने लेझर प्रिंटर फक्त कंपनीच्या ड्रायव्हरवर चालतात, त्यांच्या मागे लागू नये. शाळेच्या कार्यालयातले यंत्र या प्रयोगात ओढू नये. ऑनलाइन नोंदी ब्राउझरमधून होतात, पण डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर त्रास देऊ शकते आणि पगारबिलाच्या दिवशी तो त्रास कोणालाच परवडत नाही.

विजेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथे मुलांच्या अंगाचा प्रश्न आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी ऐकू येते आणि लोक ती हसण्यावारी नेतात. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत एक फिल्टर असतो. अर्थिंग जोडलेले नसले की त्याच्या कपॅसिटरमधून लोखंडी पेटीवर मूळ दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो. प्रवाह अत्यल्प असतो, पण अनवाणी पाय, ओली फरशी आणि पावसाळा असताना तो सहन करण्यासारखा नसतो, आणि एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर वाचवणारे काहीच उरत नाही. तीन पिनांचा प्लग असतो म्हणून अर्थिंग असतेच असे नाही. वायरमनकडून तपासून घ्यावे, मातीतला खड्डा कोरडा असेल तर उन्हाळ्यात पाणी घालावे, आणि ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. हे झाल्याशिवाय मुलांना खोलीत नेऊ नये.

वीज अचानक गेली तर डेबियनची ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था बहुतेक वेळा स्वतःच सावरते. कधी यंत्र 'इनिटरामएफएस' अशा ओळीवर थांबते. त्याच पडद्यावर बिघडलेल्या विभागाचे नाव दिलेले असते. 'एफएससीके' ही दुरुस्तीची कमांड त्या नावाला चालवायची, मग 'रीबूट'. मोठ्या मुलांना हे जरूर पाहू द्यावे.

वर्गात काय बिघडते तेही सांगायला हवे. एका यंत्रावर दोनच मुले असावीत, एकाने टाइप करायचे आणि दुसऱ्याने पडदा मोठ्याने वाचायचा. पस्तीस मिनिटांच्या तासात मध्यावर घंटा वाजवून अदलाबदल झालीच पाहिजे. घंटा नसेल तर चुणचुणीत मूल कीबोर्ड सोडत नाही आणि वर्षअखेर असे दिसते की निम्म्या वर्गाने, त्यातही बहुतेक मुलींनी, नुसते पाहिले. दुसरा धोका वहीचा. 'कमांड म्हणजे काय, व्याख्या लिहा' सुरू झाले की विषय संपला. परीक्षा घ्यायचीच तर यंत्रावर घ्यावी: असे झाड तयार कर, ही फाइल तिथे ने, हा पाढा फाइलमध्ये साठव.

'पुढे नोकरीत विंडोज लागते' हा आक्षेप येतोच. तिसरीतले मूल नोकरीला लागेल तेव्हा आजचे विंडोज उरलेले नसेल, पण फाइल, पत्ता, अधिकार, प्रक्रिया या गोष्टी राहतील. शिवाय अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचेच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे आणि इंटरनेटवरचे बहुतांश सर्व्हर त्यावरच चालतात. 'शिकवणार कोण' हा आक्षेप जास्त खरा आहे. पहिल्या वर्षाला वीसेक कमांड लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. ते दिवाळीच्या सुट्टीत पाहून, बरोबरीने हाताने करून झाले, तर प्राथमिक शिक्षकाला एवढे नक्की जमते. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स केलेले आहे, तेही चालेल.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकते का, याचे उत्तर केरळने दिले आहे. २००१ मध्ये तिथे 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला, पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर आले, आणि आज 'काइट' ही त्या राज्याची संस्था उबंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली, पुस्तके आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र पुरवते. प्रणाली मोफत मिळते, पण प्रशिक्षणाला आणि देखभालीला पैसे लागतात. ते त्यांनी खर्च केले, म्हणून ते टिकले. आपल्याकडे यंत्रे येतात, उद्घाटन होते आणि देखभालीचा करार संपला की खोलीला कुलूप लागते. कुलूपबंद खोलीत पावसाळाभर पडलेले यंत्र वापरातल्या यंत्राहून लवकर मरते. ओल धरते, खोबणींवर हिरवा थर चढतो, उंदीर केबली कुरतडतात. आठवड्यातून एकदा तासभर चालवले तरी ते तगते.

शिक्षण विभागाकडे मागणी एकच आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात प्रत्येक संगणकापुढे चार रकाने वाढवावेत: सेल बदलून पाहिला का, रॅम पुसून पाहिली का, डिस्कची तपासणी काय सांगते, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले का. चौथ्या रकान्यात 'हो' असेल तर ते यंत्र भंगारात न देता त्याच केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या गटातल्या, संगणक नसलेल्या शाळेच्या रजिस्टरवर चढवावे.

आपले,
शालेय संगणक कक्षांची देखभाल करणारे काही शिक्षक व तंत्रज्ञ,
सातारा